मनूची सकाळची गोळी आणि अमेरिकेहून आलेला डबा

पत्र

स. न. वि. वि. आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. माझी नात मनू पाच वर्षांची आहे, तिला डाउन सिंड्रोम आहे. हृदयाचं ऑपरेशन तान्हेपणीच झालं, आता ती बाजू ठीक आहे. थायरॉइडची गोळी चालू आहे. ती रोज सकाळी मीच देते. दुधात चॉकलेटची पावडर घालते आणि त्यातच गोळी चुरते, म्हणजे एका पेल्यात काम होतं. दिवसाला असे तीन पेले दूध पिते. जेवणाचं मात्र रडगाणं. बोलायचं म्हणाल तर चार-सहा शब्द, बाकी खाणाखुणा. रात्री घोरते, तोंड उघडं ठेवून झोपते.

माझा भाचा अमेरिकेत असतो. त्यानं तिथून डाउनच्या मुलांसाठीच्या खास व्हिटॅमिनचे दोन डबे पाठवलेत. एक डबा महिनाभर पुरतो, आपल्या पैशांत साडेसहा हजारांना पडतो. तो म्हणतो, यानं बुद्धी वाढते, बोलणं सुटतं. सूनबाई म्हणते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. शेजारच्या वहिनी म्हणतात, दर पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशन करा. दवाबाजारातल्या ओळखीच्या माणसानं मेंदूचं सिरप सुचवलंय. मागच्या महिन्यात थायरॉइडचा आकडा पुन्हा चढला, डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला. डब्याचं लेबल उतरवून सोबत पाठवते आहे. देऊ की नको? आणि भाच्याला काय सांगू? तो फार प्रेमानं पाठवतो हो.

– मनूची आजी

उत्तर

काकू, नमस्कार.

डबा देऊ नका. सूनबाईंचं बरोबर आहे. का ते पुढे सांगते, पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी अडले. डब्याच्या प्रश्नापेक्षा ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दुधात पावडर, आणि त्यातच थायरॉइडची गोळी.

थायरॉक्सिन ही गोळी पोटात गेल्यावर तिथं दुसरं काय आहे यावर फार अवलंबून असते. कॅल्शियम आणि लोह तिला आतड्यातच धरून ठेवतात. मग गोळी पोटात जाते, पण रक्तात पुरेशी उतरत नाही. दुधात कॅल्शियम असतं, आणि लहान मुलांच्या बहुतेक पावडरींत वरून लोह आणि कॅल्शियम घातलेलं असतं; डब्यावर ते मोठ्या अक्षरांत मिरवलेलंही असतं. तुम्ही गोळी रोज नेमानं देताय आणि तरी आकडा चढतोय, त्याचं एक कारण तुमच्या त्या सकाळच्या पेल्यात असण्याची दाट शक्यता आहे. डॉक्टरांना हे माहीत नसणार, कारण ‘गोळी देता ना?’ असं त्यांनी विचारलं असेल आणि तुम्ही ‘हो’ म्हणाला असाल. दोघांचंही खरंच होतं.

आता घाईनं उद्यापासून पद्धत बदलू नका. डोस नुकताच वाढवलाय. वाढवलेला डोस रिकाम्या पोटी नीट उतरायला लागला तर तो जास्तही होऊ शकतो: छातीत धडधड, चिडचिड, झोप उडणं, जुलाब. मनूच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं आहे, तेव्हा हे अंदाजानं करायचं काम नाही. आधी डॉक्टरांना फोन करा आणि सांगा, ‘आजवर गोळी दुधा-पावडरीतून देत होतो, आता पाण्यातून देणार आहोत.’ डोस तोच ठेवायचा की जुन्यावर यायचं, ते ठरवतील. टीएसएचची (म्हणजे तुम्ही लिहिलेला थायरॉइडचा आकडा; औषध कमी पडलं की तो चढतो) तपासणी साधारण सहा ते आठ आठवड्यांनी परत होईल, कारण त्याआधी हा आकडा स्थिर होत नाही.

देण्याची रीत अशी. मनू उठली की लगेच, काही खायच्या-प्यायच्या आधी. दोन चमचे घ्या, एकात गोळी ठेवून दुसऱ्याच्या पाठीनं चुरा, चहाच्या चमच्याएवढं साधं पाणी घाला आणि तिथल्या तिथे पाजा. रात्री भिजवून ठेवायची नाही. चमच्याला चिकटलेला चुरा आणखी थोड्या पाण्यानं धुऊन तोही द्या. गोळी एवढीशी असते, अर्धी चमच्यालाच राहते. मग अर्धा-पाऊण तास काही नाही. तेवढ्यात दात घासणं, आंघोळ, वेणी होते. दूध नंतर. लोहाचं किंवा कॅल्शियमचं औषध कधी चालू झालंच, तर त्यात आणि या गोळीत चार तासांचं अंतर. म्हणजे ते दुपारी किंवा संध्याकाळी. सोयाच्या दुधाचंही तसंच, तेही गोळीच्या आड येतं.

आता डबा. लेबल तुम्ही छान उतरवलंय, एकेक आकडा सुवाच्य. दिवसाच्या मापात व्हिटॅमिन ए ७,५०० युनिट, झिंक २० मिलिग्रॅम, बी६ २५ मिलिग्रॅम, बायोटिन ५ मिलिग्रॅम, शिवाय सेलेनियम, ई, सी, फोलेट आणि बरंच काही.

व्हिटॅमिन ए रेटिनॉलच्या रूपात असेल, तर चार ते आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला ३,००० युनिटांच्या वर देऊ नये असं मानतात. इथं त्याच्या अडीचपट आहे. हे व्हिटॅमिन लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साठत राहतं. जास्त झालं की डोकं दुखतं, उलट्या होतात, हाडं दुखतात, यकृताला त्रास होतो. मनूला चार-सहा शब्द येतात. ‘आजी, माझं डोकं दुखतंय’ हे त्यात नाही. ती फक्त किरकिर करेल आणि आपण म्हणू, आज मूड नाही वाटतं. झिंकची या वयातली वरची मर्यादा १२ मिलिग्रॅम, डब्यात २०. झिंक फार दिवस जास्त गेलं की शरीरातलं तांबं कमी होतं आणि रक्त कमी होतं. बी६ मर्यादेच्या आत आहे, पण रोजची गरज ०.६ मिलिग्रॅम असताना २५ कशाला? आणि हे सगळं त्या चॉकलेट पावडरीतल्या व्हिटॅमिनांच्या वर. दोन डब्यांची बेरीज कुठल्याच लेबलावर लिहिलेली नसते, ती आपल्याला करावी लागते.

बायोटिनचं तर वेगळंच. या वयाला दिवसाला १२ मायक्रोग्रॅम पुरतं. डब्यात ५ मिलिग्रॅम म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम आहे, चारशे पटीहून जास्त. त्यानं शरीराचं फारसं बिघडत नाही, तपासणी बिघडते. अनेक लॅबमधली थायरॉइडची चाचणी ज्या रसायनावर चालते त्यात बायोटिनचाच वापर असतो. रक्तात बायोटिन फार असेल तर टीएसएच खोटं कमी दिसतं आणि टी४, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, खोटं जास्त. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणतील, डोस जास्त होतोय, कमी करा. आणि पोरीला खरी गरज असताना औषध कमी होईल. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्या तुमच्या ओळखीतल्या बायकांनाही सांगा, थायरॉइड तपासायच्या आधी किमान दोन दिवस ती बंद ठेवायची आणि लॅबमध्ये तसं बोलायचं.

तुमच्या भाच्याच्या बाजूनं एक बोलायला हवं. ही कल्पना कुणी हवेतून काढलेली नाही. डाउनमध्ये २१ व्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती असतात. हे १९५९ मध्ये फ्रान्समधल्या लेजून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. त्या गुणसूत्रावर एका अशा एन्झाइमचं जनुक आहे जे पेशींतल्या घातक ऑक्सिजनशी झुंजतं. तीन प्रती म्हणजे ते एन्झाइमही जास्त, त्यामुळे पेशींतला तोल बिघडतो आणि मेंदूवर ताण येतो, तेव्हा अँटिऑक्सिडंट, म्हणजे त्या घातक ऑक्सिजनला आवरणारी द्रव्यं, द्या, असा तो विचार. कागदावर पटण्यासारखा आहे. म्हणून तो नीट तपासलाही गेला. इंग्लंडमध्ये डाउनच्या १५६ बाळांवर चाचणी झाली, सगळी सात महिन्यांच्या आतली. काहींना सेलेनियम, झिंक, ए, ई, सी, काहींना फोलिनिक ॲसिड, काहींना दोन्ही, काहींना नुसती तशीच दिसणारी पावडर. कोणाला काय मिळतंय हे घरच्यांनाही माहीत नव्हतं. दीड वर्ष हे दिल्यावर त्यांचा विकास, समज मोजली. फरक पडला नव्हता. २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापून आलं.

त्याच्या मागे जुनी गोष्ट आहे. डेट्रॉइटमध्ये टर्केल नावाचे डॉक्टर १९४० च्या दशकापासून डाउनच्या मुलांना व्हिटॅमिनं, खनिजं आणि हार्मोनांचं मिश्रण देत असत. त्यात थायरॉइडही होतं! थायरॉइड कमी असलेल्या मुलाला थायरॉइड दिलं तर ते तरतरीत दिसणारच. श्रेय मात्र सगळ्या पुडीला मिळतं. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात भरमसाट व्हिटॅमिनांनी बुद्ध्यांक वाढला असं छापून आलं आणि गाजलं. पुढच्या चार-पाच वर्षांत निरनिराळ्या गटांनी तेच करून पाहिलं, कुणालाच तसं दिसलं नाही. डाउनसाठी म्हणून तयार डब्यांची लाट आली ती १९९० च्या दशकात. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानं अशा पूरक आहाराला विकण्यापूर्वी उपयोग सिद्ध करून दाखवावा लागत नाही. डबा फिरवून बघा, अगदी बारीक अक्षरांत एक इंग्रजी वाक्य असेल, की हे दावे औषध प्रशासनानं तपासलेले नाहीत आणि हे कुठलाही आजार बरा करण्यासाठी नाही. सूनबाईंना वाचून दाखवायला सांगा.

मग मनूला कशाचीच गरज नाही का? असेलही. पण ती डाउन आहे म्हणून नव्हे, तिच्या रक्तात अमुक एक कमी निघालं म्हणून. आणि तिच्याबाबतीत मला दोन-तीन गोष्टींचा संशय आहे.

पहिला लोहाचा. तीन पेले दूध आणि जेवणाचं रडगाणं ही जोडी मी रोज ओपीडीत बघते. दुधानं पोट भरतं, दुधात लोह जवळजवळ नसतं. डाउनच्या मुलांत यात एक मेख आहे. लोह कमी झालं की सहसा रक्तपेशी लहान होतात आणि त्यावरून साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत, अंदाज येतो. पण डाउनमध्ये पेशी मुळातच जरा मोठ्या असतात, त्यामुळे कमतरता झाकली जाते. म्हणून फेरिटिन, म्हणजे साठ्यातल्या लोहाची तपासणी, करायचं, सोबत शरीरातला दाह दाखवणारी सीआरपी, कारण सर्दी-तापात फेरिटिन उगाच जास्त दिसतं. तुमचं घर शाकाहारी असेल तर बी१२ पण.

दुसरा संशय गव्हाचा. आपल्या माळव्यात गव्हाशिवाय पान हलत नाही, आणि डाउनच्या मुलांत सीलिॲक म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न मानवण्याचा आजार इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो. पोट फुगतं का, शी पातळ किंवा उलट फार घट्ट होते का, वजन थबकलंय का, लोह देऊनही चढत नाही का? यातलं काही असेल तर डॉक्टरांकडे टीटीजी आणि एकूण आयजीए या सीलिॲकसाठीच्या रक्ततपासण्यांचा विषय काढा. रिपोर्ट येईपर्यंत पोळी चालू ठेवायची बरं का. कुणी ‘बंद करून बघा’ म्हणालं आणि तुम्ही आधीच बंद केली, तर तपासणी खोटी नॉर्मल येते आणि मग काहीच कळत नाही. आतडं खराब असेल तर साडेसहा हजारांचा डबाही तसाच बाहेर पडणार.

व्हिटॅमिन डी या वयाला रोज ६०० युनिट पुरेसं आहे. आपल्याकडे ६०,००० ची पुडी आठवड्याला घ्यायची सवय घराघरांत लागली आहे. तो कमतरता निघाल्यावर ठरावीक आठवडे घ्यायचा उपचार आहे. तीच पुडी मुलाला वर्षभर चालू ठेवली तर रोजचे आठ हजारांहून जास्त युनिट होतात, कॅल्शियम चढतं आणि किडनीला त्रास होतो. घरात कुणाची उरलेली असेल तर तिच्यासाठी काढू नका.

पावडरीबद्दल आणखी थोडं. डाउनच्या मुलांचं शरीर बसल्या जागी कमी कॅलरी जाळतं, वजन पटकन वाढतं आणि एकदा वाढलं की घोरणंही वाढतं. चॉकलेट पावडरीत साखर भरपूर असते. दूध दिवसाला दोन पेल्यांवर आणा, बिनपावडरीचं. भूक आपोआप जेवणाकडे वळेल, पण आठ-दहा दिवस रडारड होईल, त्याची तयारी ठेवा. जीभ आणि जबड्याचे स्नायू सैल असल्यानं तिला चावायला कष्ट पडतात, म्हणून ती टाळते. नखरे नाहीत ते. रविवारच्या पोह्यांत मटार आणि वरून लिंबू पिळून द्या, लिंबानं डाळी-भाज्यांतलं लोह चांगलं शोषलं जातं. शेव तिच्या बशीत नको. मुगाचं धिरडं, मऊ उसळ, अंडं चालत असेल तर अंडं. जेवणाबरोबर चहा बिलकूल नाही, घोटभरसुद्धा नाही. तुम्ही पाजत असाल असं मला उगाच वाटतंय.

मेंदूच्या सिरपचं नाव तुम्ही लिहिलं नाही. बाटलीवर पिरासिटाम लिहिलं असेल, तर त्याची टोरंटोत डाउनच्या मुलांवरच चाचणी झाली होती, २००१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. समज वाढली नाही. काही मुलं आक्रमक झाली, अस्वस्थ झाली, झोप बिघडली. शिवाय हे औषध आहे, ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावर घ्यायची वस्तू नाही. दवाबाजारात भाव चांगला मिळतो हे मान्य, सल्ला तिथून घेऊ नये.

सुवर्णप्राशनाबद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही, पण विचारलंत म्हणून सांगते: मी देणार नाही. डाउनच्या मुलांना त्याचा फायदा झाल्याचा भरवशाचा पुरावा नाही, आणि भस्मं घातलेल्या काही औषधांत शिसं, पारा सापडल्याच्या नोंदी आहेत. शिसं तर मेंदूलाच मारक. पुष्य नक्षत्राला देवापुढे दिवा लावा, वहिनींनाही वाईट वाटणार नाही.

आता बोलणं. तुमचा खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याचं उत्तर डब्यात शोधताना मनूच्या कानांचं काय, हे पत्रात कुठंच आलेलं नाही. डाउनच्या मुलांच्या कानाच्या नळ्या अरुंद असतात, पडद्यामागे चिकट पाणी साठतं. दुखत नाही, वाहत नाही, म्हणून कळत नाही. मुलाला आपलं बोलणं बंद दारापलीकडून आल्यासारखं ऐकू येतं. असं मूल बोलेल कसं? जन्मल्यावर तपासले होते, एवढ्यावर थांबू नका. वर्षातून एकदा तरी ऐकण्याची तपासणी व्हायला हवी, आणि मनू प्रत्येक कानाची वेगळी तपासणी देत नसेल तर दर सहा महिन्यांनी. घोरण्याचंही तसंच. तीन-चार वर्षांच्या दरम्यान डाउनच्या प्रत्येक मुलाची झोपेची तपासणी करावी असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, मग ते घोरत असो वा नसो. मनू घोरते, तोंडानं श्वास घेते आणि पाच वर्षांची झाली. रात्रभर श्वास अडकत असेल तर दिवसा लक्ष कुठून लागणार? कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची एकच वेळ घ्या, कान आणि टॉन्सिल-ॲडिनॉइड दोन्ही दाखवून या. डोळे राहिले असतील तर तेही याच महिन्यात.

खाणाखुणा करते ही चांगली गोष्ट आहे. खुणांनी बोलणं मागे पडतं अशी भीती घालतात लोक. तसं होत नाही. तिची खूण दिसली की तुम्ही तो शब्द मोठ्यानं म्हणा आणि थांबा. तिला उत्तर द्यायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आपण आज्या तेवढ्यात दुसरं वाक्य बोलून मोकळ्या होतो.

भाच्याला खरं ते सांगा: ‘डॉक्टरांनी नको म्हटलंय, पण तुझ्या पैशांनी मनूची स्पीच थेरपी करतोय.’ साडेसहा हजारांत महिन्याला किती सेशन बसतात ते तुमच्याकडे विचारून बघा. त्याला व्हिडिओ कॉलवर रोज दहा मिनिटं मनूशी एखाद्या चित्रांच्या पुस्तकावर बोलायला लावा, हवं तर. न उघडलेले डबे त्याला परत करता येतात का बघायला सांगा. दुसऱ्या डाउनच्या मुलाच्या घरी ‘वाया जायला नको’ म्हणून देऊ नका.

खर्चाच्या बाबतीत दोन ठिकाणं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत डाउन सिंड्रोम आहे. त्याखाली जिल्हा पातळीवर लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं असतात, तिथं थेरपी मोफत असते. जिल्हा रुग्णालयात किंवा इंदूरच्या एमवाय रुग्णालयाच्या बालरोग विभागात चौकशी करा. दुसरं, नॅशनल ट्रस्टची निरामय ही आरोग्य विमा योजना. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं, आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही, आणि ओपीडी व थेरपीचाही त्यात समावेश आहे. दिव्यांग प्रमाणपत्र लागेल. काढलं नसेल तर सूनबाईंना किंवा मुलाला हे काम लावा.

पुढच्या भेटीला जाताना चॉकलेट पावडरीचा डबा, अमेरिकेचा डबा आणि गोळीचं पाकीट, तिन्ही पिशवीत घालून घेऊन जा. नावं सांगू नका, वस्तूच टेबलावर ठेवा. टीएसएच, टी४, सीबीसी, फेरिटिन, सीआरपी, बी१२ आणि गरज वाटली तर सीलिॲकची तपासणी एकाच वेळी होऊ शकते, पोरीला एकदाच टोचावं लागेल. थायरॉइडचं रक्त सकाळी द्यायचं आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर द्यायची, म्हणजे दर वेळचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील.